बोर्डताई आणि ओळीच्या शेवटचे टिंब

रुग्णालयात त्यांना खऱ्या नावाने ओळखणारी माणसे आता दोन-चारच उरली असतील. बाकी सगळ्यांच्या तोंडी त्या बोर्डताई. नव्या माणसाला वाटते, या कुठल्याशा संचालक मंडळावर असतील. एका नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी तर हे नाव ऐकून घाईघाईने स्वतःची खुर्ची त्यांना दिली होती. ताई त्या खुर्चीत निवांत बसल्या, डॉक्टरांचा कॉम्प्युटर दुरुस्त केला आणि आभार मानून निघून गेल्या. बोर्ड म्हणजे टेलिफोनचा बोर्ड, हे त्यांनी काही सांगितले नाही.

टेलिफोनची खोली तळमजल्यावर, एक्स-रे विभाग आणि चादरींचे कोठार यांच्या मध्ये होती. खिडकी धोबीखान्याकडे उघडे, त्यामुळे दिवसभर वाफेचा आणि साबणाचा वास. एका भिंतीला छातीइतका उंच लाकडी बोर्ड, त्यावर दोनशे भोके आणि पुढ्यात गुंडाळ्यांसारख्या पडलेल्या वायरी. चार बायका पाळीपाळीने बसत. ताई तिथे लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. आवाज गोड नव्हता, थोडा बसकाच होता; पण स्मरणशक्ती अशी, की आठवड्याभरात दोनशे नंबर पाठ. शस्त्रक्रिया विभाग एकतीस, रक्तपेढी सतरा, कोठार चौसष्ट.

फोन करणारे मात्र नंबर सांगत नसत. "ते उंच डॉक्टर आहेत ना, चष्म्यावाले, ते द्या," असे सांगत. चष्मेवाले उंच डॉक्टर तीन होते. मग ताई विचारत, "हसतात की रागावतात?" समोरून उत्तर येई, आणि नंबर बरोबर लागे.

घरी सासूबाई म्हणत, "दिवसभर हॅलो हॅलो करते आणि घरात पाऊल टाकलं की हिच्या तोंडाला कुलूप." नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो म्हणे, "आई, तिच्या कानाला विश्रांती दे. तुझी लाइन मी घेतो."

चौदा वर्षे हे चालले. मग एका रविवारी बोर्ड भिंतीवरून उतरवला. त्या जागी आलेली पेटी कपाटाएवढी होती आणि तिला बायकांची गरज नव्हती. चौघींपैकी एक नोंदणीत गेली, एक कोठारात, एकीने घरी बसायचे ठरवले. ताईंची बदली कॉम्प्युटर विभागात झाली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तिथे तेव्हा एकच माणूस होता. त्याला सगळे नुसते इंजिनिअर म्हणत. बोलायला अत्यंत काटकसरी. पहिल्या दिवशी त्याने ताईंना एका टेबलाखालचे घुमणारे मशीन दाखवले.

"बोर्डावर तुम्ही काय करत होता?"

"नाव ऐकायचं, नंबर लावायचा."

"हे तेच करतं. विचारणारी माणसं नाहीत, मशीनं आहेत, एवढाच फरक."

"म्हणजे भांडणं कमी."

"भांडणं तितकीच. तुम्हाला ऐकू येणार नाहीत."

ते मशीन म्हणजे रुग्णालयाचा डीएनएस सर्व्हर. रुग्णालयातला कोणताही कॉम्प्युटर दुसऱ्याला नावाने हाक मारतो, तेव्हा आधी या मशीनला विचारतो, की या नावाचा नंबर कोणता. मशीन एका फाइलमध्ये बघून नंबर सांगते. ताईंच्या शब्दांत, आतल्या आत चालणारा बोर्ड. मशीनांना नावे इंजिनिअरने पक्ष्यांची दिली होती. सगळ्यांत संथ मशीनचे नाव घार होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे ताई म्हणाल्या तेव्हा इंजिनिअर पहिल्यांदा हसला.

तक्रार आली की काय करायचे, हे त्याने त्यांना तीन वर्षांत शिकवले आणि नंतर तो परदेशी गेला. पहिला प्रश्न नेहमी एकच: नंबराने लागतंय का? नंबराने लागत असेल आणि नावाने नाही, तर घोळ आपल्या घरात. नंबरानेही लागत नसेल तर वायरवाल्याला बोलवा. या एका प्रश्नावर निम्म्या तक्रारी परस्पर वळत. लोक मात्र उलट करत. ताई म्हणत, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधी काख तपासा.

दुसरा धडा फाइलच्या वरच्या आकड्याचा. नावांची फाइल दोन मशीनांवर असे, एक बंद पडले तर दुसरे उत्तर द्यायला. दुसरे मशीन पहिल्याकडून नक्कल घेई, पण आळशी माणसासारखे: वरचा अनुक्रमांक वाढलेला दिसला तरच. फाइल बदलली आणि आकडा वाढवायचा राहिला, की एक मशीन नवे सांगे, दुसरे जुने, आणि अर्धे रुग्णालय एका दिशेला तर अर्धे दुसऱ्या. आकडा म्हणून त्या दिवसाची तारीख टाकायची पद्धत होती. इंजिनिअरने स्वतः एकदा घाईत २००३ ऐवजी २०३० टाकले. मग दुसरे मशीन कशालाच दाद देईना, कारण पुढची प्रत्येक खरी तारीख त्याला जुनी वाटत होती.

"आपण सत्तावीस वर्षं पुढे गेलो," इंजिनिअर म्हणाला.

"मग मी केव्हाच रिटायर झाले. निघू का?"

शेवटी दुसऱ्या मशीनवरची नक्कल पुसून टाकून ती नव्याने घ्यावी लागली. त्या दिवसापासून ताई आकडा टाकला की मोठ्याने वाचत.

आणि तिसरा धडा टिंबाचा. फाइलमध्ये पूर्ण नाव लिहिले की शेवटी टिंब द्यायचे. टिंब मशीनला सांगते, नाव इथे संपले. टिंब नसेल तर मशीनला वाटते नाव अपुरे आहे, आणि ते आपणहून शेवटी रुग्णालयाचे नाव जोडते. ते आधीच असेल तर दोनदा होते. "टिंब विसरलं की हा आडनाव दोनदा लावतो," असे इंजिनिअर सांगे. अशा दुहेरी आडनावाचे मशीन कुठे नसतेच, त्यामुळे विचारणाऱ्याला उत्तर मिळते: माहीत नाही. ताई ओळ लिहून झाली की पडद्यावर शेवटी बोट ठेवत आणि म्हणत, "टिंब." एकोणीस वर्षे त्या एकट्या किंवा कुणाच्या तरी सोबतीने ते मशीन सांभाळत होत्या, आणि टिंब एकदाही राहिले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी त्या खोलीत दुसरी बाई आली. तिशीतली, शिकलेली, जिभेला धार असलेली. खोलीत दोघीच, म्हणून ही धाकटी. ताईंनी तिला सगळे दिले: वही, सवयी, आणि इंजिनिअरच्या शिकवणीत स्वतः घातलेला एक नियम. बदल केला की डोळ्यांनी बघून उठायचे नाही, मशीनलाच त्या नावाने विचारायचे. ते काय सांगते ते ऐकायचे आणि मगच उठायचे.

धाकटीला ताईंचा एकच हट्ट मान्य नव्हता, त्यांचा मॉनिटर. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, काठाचे प्लास्टिक पिवळे पडलेले. नवा दोनदा आला, ताईंनी दोनदा परत पाठवला.

"याला माझ्या डोळ्यांची सवय झालीये," त्या म्हणाल्या.

"उलट बोलताय, ताई."

"बरोबर बोलतेय. माझे डोळे कुठेही जातील. हा कुठे जाणार?"

ताईंच्या निवृत्तीला महिना उरला, तेव्हा विभागप्रमुखांनी दोघींना बोलावले. प्रमुख दोन वर्षांपूर्वी आलेले, सरळ बोलणारे. बाहेरची एक कंपनी नावांचे सगळे काम स्वतःच्या मशीनवर घ्यायला तयार होती. ते म्हणाले, "हे काम धाकटीकडे राहील की बाहेर जाईल, ते गुरुवारच्या बैठकीत ठरेल. माझं मत पक्कं नाही. फक्त तोवर एकही तक्रार नको."

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "राहील. तुझ्याच हातात राहील." सहा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते. ही खुर्ची धाकटीला मिळावी, एवढेच त्यांना हवे होते, आणि ते सगळ्या विभागाला ठाऊक होते.

त्या आठवड्यातल्या सोमवारी लॅबचे रिपोर्ट नव्या इमारतीतल्या नव्या मशीनवर जाणार होते. वॉर्डांनी रिपोर्ट बघायला जे नाव वापरायचे ते तेच राहणार, फक्त त्यामागचे मशीन बदलणार. काम एका ओळीचे: त्या नावापुढे नव्या मशीनचे पूर्ण नाव लिहायचे. एरवी प्रत्येक कॉम्प्युटर मिळालेले उत्तर दिवसभर लक्षात ठेवतो. ताईंनी शनिवारीच ती मुदत एका तासावर आणून ठेवली होती, म्हणजे बदल लवकर पसरेल. सोमवारी साडेनऊला त्यांनी ओळ लिहिली, बोट ठेवले, "टिंब" म्हणाल्या, आकडा वाढवून मोठ्याने वाचला आणि चहाला गेल्या. धाकटीने त्याच सकाळी दुसरे मशीन धूळ झाडायला बंद करून पुन्हा चालू केले होते.

दहाला पहिला फोन आला, लहान मुलांच्या वॉर्डातून. रिपोर्ट उघडत नाहीत. पाच मिनिटांत दुसरा. मजा अशी, की शेजारच्या वॉर्डात सगळे व्यवस्थित चालू होते. सव्वादहापर्यंत पाच वॉर्ड पडले, साडेदहाला नऊ. साथ पसरावी तसे एकेक करून.

लॅबच्या मॅडम वर आल्या. "नव्या इमारतीची वायरिंग भिकार आहे, मी आधीच सांगितलं होतं."

वायरवाला मागोमाग आला. "वायर टकाटक आहे, मॅडम. तुमचं मशीनच झोपलंय."

"माझं मशीन? मी आत्ता त्यावर रिपोर्ट चढवून आले!"

"मग वॉर्डवाल्यांना दिसत नसेल. चष्मे द्या."

प्रमुख आले. ते कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी विचारले, "सकाळी इथे कशाला हात लागला?"

"मी ओळ बदलली," ताई म्हणाल्या.

"मी दुसरं मशीन बंद-चालू केलं," धाकटी म्हणाली.

प्रमुखांनी खिशातली डायरी काढली आणि धाकटीचे वाक्य लिहून घेतले. ताईंचे लिहिले नाही. ताईंच्या ओळीत चूक असेल, हे त्यांच्याच काय, कुणाच्याच मनात आले नसते.

नंबराने लागत होते. म्हणजे घोळ घरातच होता. ताईंनी फोन ओढून घेतला आणि चौदा वॉर्डांना एकापाठोपाठ एक फोन लावले. "सिस्टर, कागद घ्या. नावाच्या जागी हा नंबर टाका. दहा, टिंब, चार, टिंब... नाही हो, टिंब, स्वल्पविराम नाही... दोन, टिंब, एकसष्ट. लागलं? ठेवा." बसका आवाज, एका वॉर्डाला वीस सेकंद. लॅबच्या मॅडम भांडायच्या थांबून ऐकत राहिल्या.

तोवर धाकटी दोन्ही मशीनांना तेच नाव विचारत होती. दोन्हीकडून एकच उत्तर: असे मशीन नाही. तिने उत्तर खालपर्यंत वाचले.

"ताई, आडनाव दोनदा येतंय."

ताईंनी फोनवर हात ठेवला. "शक्य नाही. मी टिंब दिलंय. माझ्या पडद्यावर बघ."

धाकटीने बघितले. ओळीच्या शेवटी टिंब होते. स्वच्छ, पांढरे. तिने पुन्हा बघितले. मग काहीतरी करायचे म्हणून तिने फाइल एक ओळ वर सरकवली.

ओळ वर गेली. टिंब जागेवरच राहिले.

वायरवाला पुढे झाला, रुमालाने पडदा पुसला. टिंब गेले नाही. पडद्यावरचा एक कण कायमचा पेटून बसला होता, कधीपासून कोण जाणे, आणि त्या दिवशीची ओळ नेमकी त्याच्या अलीकडे एक अक्षर संपली होती.

सगळ्याचा उलगडा झाला. ज्या कॉम्प्युटरना जुने उत्तर आठवत होते ते अजून चालू असलेल्या जुन्या मशीनकडे जात होते. ज्यांचा तास संपला त्यांनी नव्याने विचारले आणि त्यांना "नाही" मिळाले. म्हणून वॉर्ड एकेक करून पडले.

ताईंनी टिंब दिले, आकडा वाढवला, मशीनला नावाने विचारले. उत्तर बरोबर आले. तरी लगेच सगळे सुरू झाले नाही. कॉम्प्युटर होकार जितक्या इमानाने लक्षात ठेवतात तितक्याच इमानाने नकारही. सव्वाबाराला शेवटचा वॉर्ड उठला. हिशोब मांडायचा तर कुणाच्या जिवाला धक्का लागला नाही. दोन रिपोर्ट हाताने पोचवावे लागले आणि एक शस्त्रक्रिया चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाली.

प्रमुख दारात उभे होते. "काय होतं?"

धाकटी पटकन म्हणाली, "स्क्रीन खराब होता, साहेब. ठिपका होता त्यावर. कुणाचीही फसगत झाली असती."

हे खोटे नव्हते. वायरवाल्याने मान डोलावली. प्रमुखांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव आले. यंत्राचा बिघाड बैठकीत मांडायला सोपा असतो.

"स्क्रीन नाही," ताई म्हणाल्या. "नवा स्क्रीन दोनदा आला, मी परत पाठवला. आणि टिंब डोळ्यांनी बघून उठायचं नसतं, मशीनला विचारायचं असतं. हा नियम मीच हिला शिकवलाय. आज मी विचारलं नाही. बघितलं आणि चहाला गेले."

"ताई..." धाकटी म्हणाली.

"साहेब, तुमच्या डायरीत हिचं वाक्य आहे. ते खोडा. माझं लिहा."

"ते मी नंतर..."

"आत्ता खोडा. मी थांबते."

प्रमुखांनी डायरी काढली आणि खोडले.

गुरुवारी बैठक दहा मिनिटांत संपली. काम बाहेर गेले. इतिवृत्तात कारण होते: मानवी चुकीची शक्यता कमी करण्यासाठी. धाकटीची बदली लॅबच्या मशीनांवर झाली, पद तेच.

धाकटीने दोन दिवस चहा एकटीनेच घेतला. तिसऱ्या दिवशी जिन्यात तिने ताईंना अडवले. "स्क्रीन म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? खुर्ची राहिली असती. तुम्हालाच हवी होती ना ती माझ्यासाठी?"

"हवी होती."

"मग?"

"साहेब बैठकीत म्हणाले असते, स्क्रीन खराब होता. कुणीतरी विचारलं असतं, त्या सकाळी आणखी काय झालं? त्यांनी डायरी उघडली असती. अगं, तुझं नाव तिथे होतं. पुढच्या प्रत्येक बिघाडाला तेच पान निघालं असतं. खुर्ची मिळाली असती, पण तू त्यात संशयाने बसली असतीस."

"आणि आता बसलेच नाही."

"हो," ताई म्हणाल्या. "ते वाईट झालं. ते माझ्यामुळे झालं."

धाकटीला वाद घालायचा होता, पण ताईंनी वाद घालायला काही शिल्लक ठेवले नव्हते. दोघी जिना उतरल्या.

ताईंच्या शेवटच्या दिवशी दुपारी कंपनीची दोन माणसे फाइल न्यायला आली. फाइलमधल्या ज्या ओळींच्या सुरुवातीला अर्धविराम असतो त्या मशीन वाचत नाही; त्या माणसांसाठी असतात. इंजिनिअरपासून दोघातिघांनी अशा शेकडो ओळी लिहिल्या होत्या. कंपनीचा माणूस म्हणाला, "या टिपा आमच्याकडे येत नाहीत. तिथे फक्त नाव आणि नंबर."

"काही हरकत नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांनी प्रिंटरला कागद घातला. एकेचाळीस पाने निघाली. माणसे आपले काम करत राहिली, आणि दोघी शेजारच्या टेबलावर पाने घेऊन बसल्या. धाकटी वाचे, ताई सांगत. 'हा नंबर रिकामा दिसतो, कुणाला देऊ नका, तळघरातले जुने मशीन वर्षातून एकदा जागे होते.' 'दोन नंबरच्या वॉर्डाचे नाव बदलले, सिस्टर जुनेच टाकतात, म्हणून दोन्ही ठेवले.' 'इंजिनिअर आज गेले. पासवर्ड बदलला.' यापुढे पंधरा-वीस ओळी नुसत्या ताईंच्या हाताच्या होत्या, आणि कुठल्या खोलीत कोण बसे, कोण कुणावर रागावे, कोण नाव नीट सांगत नसे, हे एकेका ओळीमागून निघत गेले. मधे चहा झाला. कंपनीच्या माणसांनीही घेतला आणि त्यातला एक आपली खुर्ची थोडी जवळ सरकवून ऐकू लागला.

सोमवारची ओळ एकोणचाळिसाव्या पानावर होती. त्यावर लिहिले होते: 'इथे टिंब राहिले. विचारले नाही.' खाली ताईंची आद्याक्षरे. धाकटीने ती वाचून दाखवली नाही, पान उलटले.

पुढच्या पानावर एके ठिकाणी अर्धविराम आणि एक तारीख होती, पुढे काहीच नव्हते. तिला आठवले, अशा नुसत्या तारखा आधीच्या पानांतही दिसल्या होत्या, आणि तिने त्या अर्धवट राहिलेल्या ओळी समजून सोडून दिल्या होत्या.

"या दिवशी काय झालं होतं, ताई?"

"काही नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"त्या दिवशी एकही फोन आला नाही. कुणालाच काही विचारायचं नव्हतं. असा दिवस क्वचित येतो, म्हणून लिहून ठेवायचे."

धाकटी पाने मागे उलटून तारखा मोजू लागली. बावीस वर्षांत त्या सात निघाल्या.

"सातच?"

"बोर्डावर तर एकही नव्हता," ताई म्हणाल्या आणि पुढचे पान तिच्या हातात दिले.